ऐनवेळचे विषय

ग्रामसभेचं सक्तीनं चित्रीकरण करा म्हणजे बोगस ठराव थांबतील, असं सोलापूरकडची मंडळी हिरिरीनं मांडतात. इंग्लंडमधल्या पॅरिश कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या गावपंचायतीचा कारभार पाहिला की वाटतं, मोबाइल भलतीकडेच धरलाय. पळवाट आहे ती अजेंड्याच्या शेवटच्या ओळीत.

‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.’ वरचे विषय नेहमीचेच: मागील इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी, घरकुलाची यादी. ते वाचून माणूस घरी राहतो, आणि गाळ्याचं भाडं किंवा रस्त्याच्या कामाची बदललेली जागा शेवटच्या ओळीतून आत शिरते. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के किंवा 100 मतदार, यातला जो आकडा कमी तो. 26 जानेवारीला ऊसतोड जोरात, मंगळवेढ्याकडे ज्वारीची राखण. माणसं येणार कुठून? सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही.

पॅरिश कौन्सिलच्या नोटिशीला तीन पूर्ण दिवस लागतात. नोटीस काढल्याचा दिवस, सभेचा दिवस आणि रविवार त्यात धरत नाहीत. नोटिशीत नसलेल्या विषयावर बोलता येतं, निर्णय घेता येत नाही. मग गवत कापायचा ठेकासुद्धा पुढच्या सभेपर्यंत लोंबकळतो, हेही खरं. शिवाय तिथं ग्रामस्थाला बोलायचा कायदेशीर हक्क नाही. कौन्सिल देईल तेवढी मिनिटं. आपल्याकडे सरपंचाला तोंडावर जाब विचारता येतो. ते तिकडून आणायला नको.

आणायचं ते एवढंच, की ऐनवेळी चर्चा करा, ठराव पुढच्या सभेत. एप्रिलमध्ये सांगोल्यात टँकरची मागणी महिनाभर थांबू शकत नाही, तेव्हा पिण्याचं पाणी अपवाद.

आणि प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त. सह्या आधी, ठराव नंतर सवडीनं, ही खरी गोम. ठराव क्रमांक, विषय, सूचक, अनुमोदक सभेतच लिहा, मोठ्यानं वाचा, उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारा, मगच सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (पूर्वीच्या ग्रामसेवकाची) सही. दुसऱ्या दिवशी त्या पानांची झेरॉक्स फलकावर. तीन तासांचं चित्रीकरण कोण बघत बसतंय?