समतेच्या परिषदेला जाताय? घड्याळ घरीच ठेवा

महिला हक्क आणि लिंगभाव समानतेच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचं निमंत्रण आलंय? अभिनंदन! मी नुकतीच अशा एका परिषदेला जाऊन आलेय. विमानाचा शीण उतरला, डोक्यातला राग काही उतरेना. म्हणून म्हटलं, निदान तुम्हाला तरी चार युक्तीच्या गोष्टी सांगाव्यात.

सुरुवात व्हिसापासून. निमंत्रणपत्र, तिकीट, बँकेचं स्टेटमेंट हे सगळं जोडाच, पण त्यावर फार विसंबू नका. तुम्ही परत येणार याचा भक्कम पुरावा म्हणजे नवरा आणि मुलं. मला खिडकीपलीकडून विचारलं, "मुलांना कोण सांभाळणार?" मी म्हटलं, "त्यांचे बाबा." तोवर कागदांत खुपसलेली मान पहिल्यांदा वर झाली. उत्तर चुकलं होतं. तुम्ही "सासूबाई" म्हणा, लग्न झालेलं नसलं तरी.

भाषांतर ऐकायचे हेडफोन आधी तपासून घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा. आपली त्यांत नाही. पण "तळागाळातल्या स्त्रिया" म्हणून आपल्याबद्दल सहाही भाषांत छान बोलतात.

कापडी पिशवी मिळते. बरी असते, भाजीला चालते.

उद्घाटनाला प्रमुख पाहुणे पुरुष असतील. नाक मुरडू नका, परंपरा आहे ती. १९७५ साली मेक्सिको सिटीत संयुक्त राष्ट्रांची पहिली जागतिक महिला परिषद भरली, तेव्हा अध्यक्ष म्हणून निवडून आले मेक्सिकोचे ॲटर्नी जनरल, पेद्रो ओखेदा पाउल्यादा. बाई बहुधा सापडली नसेल. तर पाहुणे म्हणतील, "मी आज इथे पदाधिकारी म्हणून नाही, दोन मुलींचा बाप म्हणून उभा आहे." इथे टाळ्या. मग त्यांच्या यशामागची आई येईल, बायको येईल. पुन्हा टाळ्या. हात दुखले तरी थांबू नका, कॅमेरा आपल्याकडेच असतो.

जाहीरनाम्याच्या मसुद्यात चौकटी कंस दिसले तर दचकू नका. एखाद्या शब्दावर कुठल्याशा देशाचा आक्षेप आहे, एवढाच त्याचा अर्थ. एका शब्दासाठी रात्र रात्र जागतात म्हणून हसूही नका. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यात 'ऑल मेन'च्या जागी 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' आलं ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांनी हट्ट धरला म्हणून. (हे मी मनापासून लिहिलंय. यात खोच शोधू नका.)

आता मुख्य गोष्ट, तुमचं भाषण. तुम्हाला १२ मिनिटं दिली असतील, तर ३ मिनिटांचं तयार करा.

मी वेडी, बाराचं केलं. विषय होता बायकांचं बिनपगारी काम. हॉटेलच्या आरशासमोर मोबाइलवर वेळ लावून चार वेळा म्हणून पाहिलं, ११ मिनिटं ४० सेकंद. २० सेकंद आभाराला. उद्घाटन ९ ला सुरू होऊन पावणेदहाला संपायचं होतं. दोन मुलींच्या बापाला ५ मिनिटं दिली होती, ते ३४ मिनिटं बोलले. मी मोजली. मग दीपप्रज्वलनाच्या थाटात फोटो, मग गटागटाने फोटो, मग चहा. चहा काही पुढे ढकलता येत नाही म्हणे! आमचं सत्र उरलेल्या वेळात कोंबलं. मी माइकपाशी उभी राहिले तोच सूत्रसंचालकांनी एक पिवळी चिठ्ठी सरकवली. वर पेनाने '३ मि.' आणि खाली दोन रेघा. तोंडाने हळूच, "मुद्द्याचं तेवढं सांगा ना."

मुद्द्याचं? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालात आकडा आहे: ६४ देशांत मिळून रोज १६४० कोटी तास घर आणि घरच्यांच्या देखभालीचं बिनपगारी काम होतं आणि त्यातलं ७६.२ टक्के बायका करतात. एवढं एक वाक्य बोलले आणि चिठ्ठीकडे बघत खाली बसले. लगेच मागून एक गृहस्थ उठले. "प्रश्न नाही, छोटीशी टिप्पणी आहे." टिप्पणी चार मिनिटं चालली. मला दिलेल्या वेळेहून एक मिनिट जास्त! आणि माझ्यानंतरच्या बाई दोन विमानं बदलून आल्या होत्या. त्यांना काय सांगितलं? "आपण जेवताना बोलूच."

यावर उपाय... नाही, उपाय कसला सांगू? अहो, बायकांच्या बिनपगारी कामाचा वेळ मोजायला हवा, हे १८९ देशांनी १९९५ मध्ये बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेत ठरवलं. तिथेही सरकारं शहरात बसली आणि स्वयंसेवी संघटनांच्या बायकांचा मंच साधारण ५० किलोमीटरवर, ह्वायरौच्या पावसाचिखलात. तरी त्या गेल्या, छत्र्या घेऊन बसल्या, बोलल्या. आणि आयोजकांनो, तुम्हाला एसी सभागृहात एका माणसाचा वेळ मोजता येत नाही? घंटा टेबलावर होती. मला दिसत होती. ती फक्त आमच्यासाठी आणली होती का? पाहुण्यांना चिठ्ठी द्यायला हात का थरथरतो तुमचा?

आणि श्रोत्यांनो, तुम्हीही गप्प. ३४ मिनिटं एकीने चुळबूळ केली नाही. मीही नाही, उलट दोनदा टाळ्या वाजवल्या, आणि त्याचाच जास्त राग येतोय. नंतर बाथरूममध्ये रांगेत उभं राहून "अगं, किती बोलले ना!" म्हणायला मात्र सगळ्या पुढे. तिथे कुणाला ऐकू जाणार होतं?

काल आयोजकांचा अभिप्रायाचा फॉर्म आला. 'वेळेचं नियोजन कसं वाटलं?' आणि खाली पाच चांदण्या. मी चांदण्या सोडून दिल्या आणि सूचनांच्या रकान्यात लिहिलं: पुढच्या वेळी माझी ९ मिनिटं परत द्या, आणि त्या बाईंची बाराच्या बारा.