केसपेपरवरची ती एक ओळ

परवा उलटतपास होता. विमा कंपनीच्या वकिलांनी एकच कागद पुढे केला, पहिल्या रात्रीचा केसपेपर. डॉक्टरांच्या घाईतल्या अक्षरात त्यावर लिहिलेलं, 'गाडीवरून स्वतः घसरून पडल्या'. "हे तुमच्याच माणसाने सांगितलं ना?" माझ्या पक्षकार ताईंनी मागच्या बाकाकडे पाहिलं. नवरा मान खाली घालून बसला होता.

झालं होतं असं, की वळणावर एका पिकअपने ताईंच्या स्कूटीला मागून ठोकलं आणि उजव्या पायाचा घोटा चुरा झाला. पिकअपवाला गावातलाच. हॉस्पिटलच्या दारातच म्हणाला, पोलिसात नको, सगळा खर्च मी बघतो. म्हणून नवऱ्याने कॅज्युअल्टीत सांगून टाकलं, पडली. बावीस हजार हातात आले आणि मग पिकअपवाल्याचा फोन लागेनासा झाला. एफआयआर चाळिसाव्या दिवशी. माझ्याकडे आले तेव्हा आठवा महिना चालू होता. "मॅडम, ओळखीचंच पोरगं. त्याच्या पोटावर कशाला पाय द्यायचा म्हटलं." (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

एकवीस वर्षं अपघाताचे क्लेम चालवतेय, हे वाक्य महिन्यातून एकदा तरी ऐकते. अहो, त्या पोराच्या खिशातून जाणारच नसतं! गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू असेल, लायसन धड असेल, तर भरपाई कंपनी भरते. हप्ता त्याचसाठी भरलेला असतो. आपण मात्र भिडेपोटी पहिल्याच रात्री खोटं बोलतो आणि पुढची पाच वर्षं ते खोटं निस्तरत बसतो.

पण खरा राग मला त्या आठव्या महिन्याचा आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात क्लेमला सहा महिन्यांची मुदत होती. सबळ कारण असेल तर बारा महिन्यांपर्यंत चालायचं. 1994 साली संसदेने ही मुदतच काढून टाकली, कारण गरीब माणूस वेळेत कोर्टात पोचतच नव्हता. 2019 च्या दुरुस्तीने सहा महिने परत आणले, तेही उशीर माफ करण्याची सोय न ठेवता. अंमल 1 एप्रिल 2022 पासून. सहा महिन्यांत मोडलेल्या पायाचं काय होतं? दोन ऑपरेशनं, एकदा रॉडला इन्फेक्शन, घरातलं सोनं गहाण. वकील शोधायला सवड कुणाला असते? गेलेल्या माणसाच्या घरी तर वर्षश्राद्ध होईपर्यंत कागदाची पिशवीही कुणी उघडत नाही.

गंमत पुढेच आहे. त्याच तारखेपासूनच्या नियमांनी पोलिसांवरही मुदती घातल्या. अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत, सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे, म्हणजे अपघाताचे क्लेम चालवणाऱ्या कोर्टाकडे, जायला हवा, आणि तो अहवालच क्लेमचा अर्ज धरता येतो. डिसेंबर 2022 मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यावर सविस्तर निर्देशही दिले. हे नीट पाळलं गेलं तर मुदतीचा प्रश्न बराचसा उरतच नाही. पण मला अजून कित्येक फायलींत पंचनाम्याची नक्कल मिळवायलाच चार हेलपाटे घालावे लागतात. पोलिसांची मुदत चुकली तर कुणाचं काही बिघडत नाही, जखमी माणसाची चुकली तर क्लेम बाद. हा कुठला न्याय?

नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की मुदत संपली एवढ्यावरून हे अर्ज फेटाळू नका. त्या दिवशी आमच्या वकिलांच्या बाररूममध्ये चहा माझ्याकडून झाला. पण आदेश अंतरिमच. त्याच्या भरवशावर कुणी निवांत बसू नका.

मध्यंतरी व्हॉट्सअॅपवर फिरत होतं, 'वेगात गाडी चालवून मेलात तर विमा नाही'. जुलै 2025 मधलं ते प्रकरण स्वतःच्याच चुकीने अपघात करून गेलेल्या चालकाच्या वारसांचं होतं. त्याने धडक दिलेल्या माणसाच्या हक्काला त्या निकालाने काडीचाही धक्का लागत नाही. स्वतःसाठी मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. पॉलिसीत ती ओळ आहे का, एवढं आज बघा.

आणि खड्डे. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास 6 लाख आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख द्यायला सांगितले. उत्तम. पण खड्डा दुसऱ्या दिवशी मुरूम टाकून बुजवतात. फोटो त्याच दिवशी काढलेला असला तर वाद कमी होतो.

तर आमच्या ताई. शिवणकाम करतात, वय 38, पायाने चालवायचं मशीन. सिव्हिल हॉस्पिटलच्या दाखल्यात अपंगत्व 30 टक्के. कंपनी म्हणते, 30 टक्केच धरा. पण 2010 च्या राजकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय, की शरीराचे टक्के आणि कमाईचे टक्के एक नव्हेत, माणूस काम काय करतो ते बघा. बँकेतल्या कारकुनाचा घोटा आणि शिवणारणीचा घोटा सारखा कसा? महिना दहा हजार कमाई, त्यावर भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के, त्याचं वर्षाचं करून वयाप्रमाणे ठरलेला गुणक 15. एकूण 25 लाख 20 हजार. त्याचे 30 टक्के म्हणजे 7 लाख 56 हजार. मी 60 टक्के मागतेय.

दहा हजारांना पुरावा काय, हा कंपनीचा पुढचा प्रश्न. पगारपत्रक कुठून आणणार? ताईंनी पिशवीतून मापांची वही काढली. छाती, कंबर, बाही, गळ्याचं चित्र, खाली रक्कम आणि 'दिले' म्हणून बरोबरची खूण. चार वर्षांची वही, अपघाताच्या आदल्या दिवशीपर्यंत भरलेली. समोरच्या वकिलांनी हरकत घेतली, ही वही कुणीही लिहू शकतं. न्यायाधीश साहेबांनी पानं उलटली, हरकत नोंदवून घेतली आणि वहीवर पुराव्याचा निशाणी क्रमांक टाकला. पुढच्या तारखेला गिऱ्हाइकांपैकी तिघीजणी साक्षीला येणार आहेत. एकीने विचारलंय, शिवलेला ब्लाऊज घालून येऊ का, की नुसता हातात आणू?