मेलबर्नच्या विमानतळावर भेटलेला खपरा

परदेशवारीचे फोटो आपण सगळेच हौसेने टाकतो, पण विमानतळावर झालेली फजिती मात्र घरातल्या घरात जिरवतो. ती चारचौघांत सांगायला हवी असे माझे ठाम मत आहे, कारण या महिन्यात मुलांकडे निघालेल्या ओळखीच्या तीन कुटुंबांनी मला एकच प्रश्न विचारला आहे : "बरोबर काय काय नेलेलं चालतं?"

दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता लेकीकडे मेलबर्नला निघालो, तेव्हा आमच्या बॅगेत कपड्यांपेक्षा खाण्याचेच वजन जास्त होते. सौभाग्यवतींनी घरच्या सुती पिशवीत दोन किलो तूरडाळ, शिवाय जिरे, धने, वाळलेली संकेश्वरी मिरची, दळलेली हळद आणि भडंग असे सगळे नीट बांधून घेतले होते. आक्का तर साताऱ्याहून एस.टी.ने खास कंदी पेढे घेऊन आली होती. तिकिटे काढून देणाऱ्या गृहस्थांनी निघताना सल्ला दिला होता की बरोबर काय काय आणले ते विचारणारे एक कार्ड विमानात भरायला देतात, त्यावर सगळीकडे "नाही"वर खूण करा, कोणी उघडून बघत नाही.

ते नारिंगी कार्ड हातात आले आणि मी त्या सल्ल्याप्रमाणे पेन टेकवणार, इतक्यात शेजारून आवाज आला, "अहो, डाळ आहे आपल्याकडे, मिरची आहे. नाही कसं लिहिता? खरं काय ते लिहा." दूध, बिया, धान्य, मसाले, माती लागलेली पादत्राणे, या सगळ्यांसाठी आम्ही "होय" लिहिले. त्या एका वाक्याने आमची पुढची सगळी सहल वाचवली, हे मी आजही मनापासून मानतो.

तपासणीच्या टेबलावर हातमोजे घातलेल्या एका तरुण अधिकाऱ्याने एकेक पुडी शांतपणे बाहेर काढली. हळदीची पूड त्याने पाहून परत दिली, भडंगही परत आले. डाळ, जिरे, धने आणि मिरची मात्र त्याने बाजूला ठेवली आणि कारण समजावे म्हणून आमच्यापुढे एका किड्याचे चित्र धरले. चित्र पाहताच माझ्या तोंडून मोठ्याने मराठीतच निघून गेले, "अरे, हा तर आपला खपरा!"

ज्यांचा धान्याच्या व्यापाराशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्या दोन पिढ्या गेल्या आणि खपरा भुंगेरा हा आमचा कायमचा वैरी. भुंगेरा तिळाएवढा, पण खरे नुकसान करते ती त्याची तपकिरी, केसाळ अळी. ती पोत्याच्या शिवणीत, भिंतीच्या भेगेत जाऊन बसते आणि खायला काही मिळाले नाही तरी वर्षानुवर्षे जिवंत राहते. ज्या पोत्यात ती शिरली त्यातल्या गव्हाचा भुगा होतो आणि वर अळ्यांच्या कातींचा थर साचतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९५३ साली हा किडा सापडला, तेव्हा गोदामेच्या गोदामे ताडपत्रीखाली झाकून धुरी द्यावी लागली आणि त्याचा पुरता नायनाट व्हायला १९६६ साल उजाडले. ऑस्ट्रेलियाची शेती अजून यापासून मुक्त आहे आणि ती तशीच राहावी म्हणून २०२० पासून तिथे प्रवाशांच्या सामानातून तांदूळ, तूर, हरभरा, जिरे, धने, सुकी मिरची असे जिन्नस नेण्यास बंदी आहे.

त्या तरुण अधिकाऱ्याला मी सांगितले की या किड्याशी मी तीस वर्षे झगडलो आहे. त्याने कुतूहलाने विचारले की तो लपतो कुठे. मी डाळीच्या पिशवीची आतली शिवण उलटी करून दाखवली, त्याने तिथे बॅटरीचा झोत टाकला आणि आम्ही दोघेही वाकून ती शिवण निरखू लागलो. मागे उभी असलेली माणसे थक्क होऊन पाहत होती आणि सौभाग्यवतींना हसू आवरेना. शिवणीत काहीच निघाले नाही, पण डाळ ठेवूनच घेतली, आणि ते योग्यच झाले असे मी म्हणेन.

पेढेही त्याने ठेवून घेतले, आणि त्याचे कारण आपल्याकडच्या कोणत्याही गोठेवाल्याला पटेल. दुधाच्या पदार्थांतून जनावरांच्या लाळ-खुरकताचा विषाणू जाऊ शकतो, आणि ऑस्ट्रेलियात १८७२ नंतर हा रोग आलेला नाही. आक्काचे पेढे डोळ्यांदेखत पिंपात गेले, तेव्हा मात्र जीव कळवळला.

सर्वांत शेवटी माझे बूट. निघायच्या आदल्या दिवशी मळ्यात गेलो होतो, त्यामुळे तळव्याच्या खाचांत कृष्णाकाठची काळी माती घट्ट बसली होती. तो अधिकारी बूट आत घेऊन गेला आणि दहा मिनिटांनी स्वच्छ धुऊन, ओले बूट दोन्ही हातांत धरून परत आला. परदेशात पहिल्याच तासाला एका सरकारी माणसाने आपले बूट धुऊन द्यावेत, याने मला फार संकोच वाटला. लेकीला भेटलो तेव्हा माझे मोजे भिजलेले होते.

दंड मात्र एक पैसाही झाला नाही, कारण सगळे आधी लिहून दिले होते. "नाही" लिहून तीच डाळ सापडली असती तर मोठा दंड झाला असता; २०१९ पासून तिथे अशा कारणावरून व्हिसाही रद्द होऊ शकतो. न्यूझीलंडमध्ये तर जागच्या जागी तिथले ४०० डॉलर भरावे लागतात. "सगळीकडे नाही लिहा" असा सल्ला देणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. सल्ला त्यांचा आणि जाच म्हाताऱ्या आईबापांना.

दुबईला निघालेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. तिथे खसखस अफूच्या झाडाची म्हणून बंद आहे, आणि आपल्या अनारशांवर, कांदा-लसूण मसाल्यात ती हमखास असते. गेल्या आठवड्यात शेजारच्या वहिनींच्या बांधलेल्या बॅगेतून मसाल्याचा डबा मी स्वतः बाहेर काढायला लावला.

आक्काला पेढ्यांचे खरे काय झाले ते मी दोन वर्षे सांगितले नव्हते. परवा फोनवर सांगून टाकले. ती क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, "मग पोरीलाच इकडं घेऊन ये. इथं बसून खाईल." लेक जानेवारीत येते आहे.