हूम

सकाळी भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवला. लांडग्याची पांढरीशुभ्र पिल्लं, आणि खाली, 'मामा, डायर वुल्फ परत आला!' २०२५ पासून फिरतोय हा प्रकार. आज मात्र डोकंच फिरलं.

डायर वुल्फ म्हणजे हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेला लांडगा. अरे, कुठला परत आला? साध्या करड्या लांडग्याच्या पेशी घेतल्या, १४ जनुकांत २० बदल केले, कुत्रीच्या पोटी वाढवलं. बैलाला झूल घातली म्हणून तो महादेवाचा नंदी होतो का?

लहानपणी आबांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर नेलं होतं. पावसाळा नुकता लागलेला, ढोपरभर गवत. लांबवर माळढोक पक्ष्याचा नर, गळ्याची पांढरी पिशवी फुगवून उभा. हूम... छातीत घुमला तो आवाज. मी विचारलं, 'कुणाला हाक मारतोय?' आबा कानाशी म्हणाले, 'गप. बायको शोधतोय.'

स्पेनच्या डोंगरात बुकार्डो नावाची रानशेळी होती. त्या जातीतली शेवटची उरलेली एक मादी २००० साली पडलेल्या झाडाखाली चिरडून मेली. तिच्या गोठवलेल्या पेशींपासून २००३ मध्ये करडू जन्माला घातलं. फुप्फुसात दोष, काही मिनिटांत गेलं. बरं, जगलं असतं तरी तीही मादीच. तिने कुणाला हाक मारायची होती?

आणि इथे? माळ म्हणजे पडीक जमीन, असं एकदा कागदावर चढलं की संपलं. झाडं लावा, प्लॉट पाडा, तारा ओढा! माळढोकाला उडताना समोरचं नीट दिसत नाही, अंग जड, ऐनवेळी वळता येत नाही. आदळतो तारेवर. देशभरात रानात जेमतेम दीडशेच्या आसपास उरलेत आणि आपण त्या पिल्लांना बदाम पाठवतोय.

हो, मान्य, जैसलमेरला २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून माळढोकाचं पिल्लू झालं. तेही विज्ञानच. पण पक्षी अजून जिवंत होता म्हणून झालं ना!

गेल्या पावसाळ्यात त्याच माळावर दोन दिवस बसलो. आबा नाहीत, हूम नाही. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला तेवढा एक लांडगा दिसला. मातकट, हडकुळा, कान टवकारून माझ्याकडे बघणारा. आपला, खराखुरा. त्याचा व्हिडिओ कोण पाठवतंय?

भाच्याला सकाळी जरा जास्तच बोललो. पोरगं पुण्यात वाढलं, त्याला माळ दाखवला कुणी? मी तरी कुठे नेलं कधी?

सोन्या, वाचत असशील तर फोन कर. पाऊस लागला की जाऊ. दुर्बीण माझ्याकडे आहे, दशम्या आणि शेंगाचटणी मामी बांधून देईल.