शिळी भाकरी कुणाच्या ताटात?

रविवारी खिमा आणायचा असला की शनिवारी रात्रीची एक भाकरी मी झाकून ठेवते. शाळूचीच. सकाळी ती तव्यावर कडक शेकायची, मिक्सरला रवाळ फिरवायची आणि खिम्यात मळायची. गोळे करायची ही रीत माझ्या आज्जीची, खानापूर तालुक्यातली. तिच्याकडे पाटा होता, माझ्याकडे सांगलीत मिक्सर आहे, एवढाच फरक.

आज्जीच्या घरी मटण म्हणजे जत्रेला, नाहीतर आखाडात. तेही वाट्याचं. वाटा एक आणि खाणारी माणसं अकरा. फोडी केल्या की आधी गडीमाणसं जेवणार, मग पोरं, आणि बायकांच्या वाट्याला तळातला रस्सा. म्हणून आज्जी हाडं रस्स्याला टाकायची आणि मांस विळीवर बारीक करून पाट्यावर ठेचायची. (कोफ्ता हा शब्दही फारसीतल्या ‘कुटणे’ अशा अर्थाच्या शब्दावरूनच आलाय. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर डोळ्यांसमोर आज्जीचा पाटाच आला.) त्यात शिळी भाकरी मिसळायची आणि गोळे वळून मोजायची. माणशी तीन. फोडींचा हिशेब कुणी ठेवत नाही, गोळे मोजता येतात. त्या दिवशी माझ्या आईला आणि दोन्ही काकूंनाही तीनच गोळे मिळायचे.

मी शेजारी बसलेली असायचे. “ह्यात भाकरी हाय, सांगू नगंस कुणाला,” असं ती मला दर वेळी बजावायची. एरवी शिळ्या भाकरीला नाक मुरडणारे माझे आजोबा आणि चुलते तीच भाकरी मिटक्या मारत खायचे.

१९७२ च्या दुष्काळात आज्जीनं दुष्काळी कामावर खडी फोडली होती. सुकडी आणि मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरीवर तिनं पोरं जगवली. त्या बाईच्या हातून भाकरी टाकली जाणं शक्यच नव्हतं. पण न टाकलेली भाकरी खायची कुणी, याचा तिच्याइतका विचार केलेलं दुसरं माणूस मी पाहिलं नाही.

आता रीत सांगते, कारण दर वेळी कुणीतरी विचारतंच. अर्धा किलो खिम्याला एक मध्यम भाकरी, त्याहून जास्त नको, नाहीतर गोळे रस्श्यात फुटतात. एक कांदा अगदी बारीक चिरून, मीठ लावून घट्ट पिळून घ्यायचा. आलं, लसूण, कोथिंबिरीचं वाटण, चमचाभर घरची कांदा-लसूण चटणी, मीठ. अंडं लागत नाही. लागतं ते मळणं. खिमा हाताला चिकटायला लागेपर्यंत मळायचा, मीठ आणि मळणं यानंच तो एकजीव होतो. भाकरीचा रवा मांसातलं पाणी आणि चरबी धरून ठेवतो, म्हणून गोळा आतून मऊ राहतो. इटलीतल्या घरांत याच कामाला दुधात भिजवलेला शिळा पाव घालतात. माझी जाऊ डाळ्याचं पीठ घालते, तेही चांगलं होतं, पण भाकरीची खमंग चव त्याला येत नाही हे मी तिच्या तोंडावर सांगितलंय.

लिंबाएवढे गोळे वळून उकळत्या रस्श्यात एकेक सोडायचे. पहिली दहा मिनिटं पळी घालायची नाही, पातेलं फडक्यानं धरून हलवायचं.

हे सगळं आज लिहायचं कारण माझी आई. तीन वर्षांपूर्वी आखाडातच तिच्याकडे खिमा उरला. रात्री लाईट नव्हती, पातेलं ओट्यावरच राहिलं. दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्यांना ताजं करून घातलं आणि तो खिमा “टाकायचा कसा” म्हणून तिनं एकटीनं खाल्ला. संध्याकाळपासून उलट्या-जुलाब, दोन दिवस सलाईनवर. पासष्टीची बाई. कॉटवर पडल्या पडल्या मला म्हणते, “वास तर आला नव्हता गं.”

वास येत नाही, हाच तर धोका. खिम्यात मांसाचा कण न् कण उघडा पडतो, म्हणून तो अख्ख्या फोडींपेक्षा लवकर बिघडतो. शिजवलेलं मटण असो की भात, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलंच पाहिजे, आणि काढल्यावर कोमट नव्हे, चांगली उकळी फुटेपर्यंत तापवलं पाहिजे. बाहेर राहिलेल्या भातात तयार होणारं एक विष तर फोडणी देऊनही जात नाही. आपली शिळासप्तमी आदल्या दिवशीचंच खायला सांगते, मान्य. पण त्या दिवशी ते घरातले सगळे खातात, एकटी बाई नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात भारतीय घरांतलं वाया जाणारं अन्न माणशी वर्षाला ५५ किलो धरलंय. मला त्यात न मोजलेलं अन्न दिसतं, जे वाया जाऊ नये म्हणून बायका ओट्याशी उभ्यानं गिळतात. “उरलंय ते मी घेते” हे वाक्य आपण इतकं ऐकलंय की ते आपल्याला ऐकूच येत नाही. शिळं खाण्यात कमीपणा नाही. फोडणीचा भात, चपातीचा कुस्करा, ताकातली भाकरी, सगळं मला मनापासून आवडतं. कमीपणा आहे तो ते एकटीच्या ताटात ढकलण्यात.

आमच्या घरी आता उरलेलं पहिल्यांदा टेबलावर येतं आणि सगळ्यांना थोडं थोडं वाढलं जातं. सुरुवातीला नवऱ्यानं कुरकुर केली, पोरानं तोंड वाकडं केलं. मी ऐकलं नाही. आज्जीला लपवून करावं लागलं, मी उघड करते. परवाच्या रविवारी पोरानंच भाकरी शेकली.

काल रात्री आईला फोन केला. काय जेवलीस विचारलं.

“सकाळची भाजी होती, संपवली.”

“आणि दादा?”

“त्याला गरम गरम पिठलं टाकलं.”