कळवतो

शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवर परवा जुंपली. आमच्यातला एक जण एचआरमध्ये आहे. त्याचं म्हणणं, हल्लीच्या पोरांना शब्दाची चाड नाही. ऑफर स्वीकारतात आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद. त्यावर अंगठ्यांची रांग लागली. मी जर्मनीत, रात्री अकराला ते वाचलं आणि झोप उडाली.

शब्दाची चाड! पाच राउंड घेऊन, वर घरी करायला असाइनमेंट देऊन, 'कळवतो' म्हणून गायब होणारे कोण? आपल्या माणसाला नव्वद दिवसांच्या नोटिशीत बांधायचं आणि जाहिरातीत मात्र 'तातडीने जॉइन होणारेच हवेत'. त्या नव्वद दिवसांत पोरगा दुसरीकडे बघणार नाही तर काय करणार? शिवाय आधीचा पगार विचारायचा, तीन सॅलरी स्लिपा मागायच्या, त्यावर थोडं चढवून आकडा सांगायचा. पहिली नोकरी ज्याने नाइलाजाने कमी पगारावर धरली, तो पुढे कायम त्याच मापाने मोजला जातो.

इथे इंटरव्ह्यूला बोलावलं तर प्रवासखर्च कंपनीचा, आधीच नाही म्हणून कळवलं नसेल तर. नागरी संहितेचं कलम ६७०. पहिल्या इंटरव्ह्यूचं ट्रेनचं तिकीट मी भीतभीतच पाठवलं होतं. पैसे मुकाट जमा झाले. आणि युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशात तर स्पष्ट आहे: पगाराची पट्टी उमेदवाराला आधी सांगा, जुना पगार विचारू नका. सदस्य देशांना त्यासाठी जून २०२६ ची मुदत. हे सगळं मी ग्रुपवर कलमांसकट टाकलं.

उत्तर आलं, "राजा, तू तिकडूनच बोल."

लागलं. कारण मी निम्मंच लिहिलं होतं. माझ्या स्वतःच्या करारातही नोटीस तीन महिन्यांचीच आहे, ते सोयीस्कर गाळलं. नकाराचं पत्र इथे बहुतेक वेळा येतं, पण कारण नसतं. २००६ च्या भेदभावविरोधी कायद्यानंतर कंपन्या कारण लिहायला घाबरतात. एखादा शब्द अंगाशी यायचा. सुरुवातीच्या वर्षी अशी इतकी पत्रं आली की 'लायडर', म्हणजे 'खेदाने', हा शब्द दिसला की मी पुढचं वाचतच नसे. घरी फोनवर मात्र 'प्रोसेस चालू आहे'.

आता मी टेबलाच्या पलीकडे बसतो. मार्चमध्ये एक मुलगा आला, आडनावावरूनच कळलं. सहकाऱ्यांना वशिला वाटू नये म्हणून मी त्याला जरा जास्तच कडक प्रश्न विचारले. इंग्रजीत बोलता बोलता त्याच्या तोंडून 'म्हणजे' निसटलं. तो थांबला, माझ्याकडे बघितलं. मी कागदात डोकं घातलं.

त्याला घेतलं नाही. एचआरने ठरलेलं पत्र पाठवलं. दोन दिवसांनी त्याचा मला मेसेज, मराठीत: "सर, कुठे कमी पडलो एवढं सांगाल का?" कारण मला माहीत होतं, दोन ओळींत सांगता आलं असतं. कायद्यावर बोट ठेवून मी गप्प बसलो. तो मेसेज अजून तसाच आहे.

ग्रुपवर शेवटी त्या मित्रानेच विचारलं, "मग तुमच्याकडे सगळ्यांना कळवतात ना रे?"

मी 'हो' लिहिलं आणि फोन उलटा ठेवला.