तेलकट बंद केल्याने दमा जातो का? एक खुलासा

‘स्त्रियांनी तेल-चरबी पूर्ण बंद केली की ॲलर्जीचा दमा जातो, पंप लागत नाही’, असा मेसेज सगळीकडे फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि त्यातला पंपाचा भाग जिवावर बेतणारा आहे.

लठ्ठपणा आणि दमा यांचा संबंध खरा आहे. अनेक अभ्यासांत तो स्त्रियांमध्ये जास्त ठळक दिसतो. पण तो बहुतेकदा ॲलर्जीतून येत नाही. पोटावरच्या आणि छातीवरच्या चरबीमुळे फुप्फुसं पुरेशी फुलत नाहीत, शिवाय चरबीच्या पेशी दाह वाढवणारी रसायनं सोडतात. लठ्ठ स्त्रियांना मोठ्या वयात सुरू होणाऱ्या दम्यात तर ॲलर्जीच्या खुणा बऱ्याचदा सापडतच नाहीत. धुळीने शिंका येणं, नाक गळणं ही वेगळी गोष्ट. तिथे ताटातलं तेल काढून फारसं काही साधत नाही.

मेसेजमागे थोडं तथ्य आहे, तेही सांगायला हवं. 2011च्या एका प्रयोगात दमेकऱ्यांना भरपूर चरबीचं एक जेवण दिलं. चार तासांनी त्यांच्या श्वासनलिकेतला दाह वाढला होता आणि पंपाचा परिणाम कमी झाला होता. पण म्हणून सगळीच चरबी वाईट ठरत नाही. डेन्मार्कमध्ये गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत माशाचं तेल घेतलेल्या स्त्रियांच्या मुलांमध्ये दम्याचं प्रमाण कमी आढळलं. हा फायदा मुलांचा, आईचा दमा बरा झाल्याचा नव्हे.

वजन जास्त असेल तर ते 5 ते 10 टक्के घटलं तरी दमा आटोक्यात यायला मदत होते. पंप मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका.